संक्रांत 14 ला की 15 ला? लीप वर्ष, अधिक महिना आणि गड्ड्याच्या तारखा

(सोलापूरकरांची चर्चा. प्रत्येकाच्या लिखाणावर नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव आहे.)

बाळीवेस
गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, जवळ आला की तोच प्रश्न गावभर फिरतो: यंदा अक्षता 13 ला की 14 ला? सिद्धेश्वर यात्रेचे विधी संक्रांतीला बांधलेले आहेत. भोगीच्या आदल्या दिवशी 68 लिंगांना यण्णीमज्जन म्हणजे तेलाचा अभिषेक, भोगीला सम्मती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. संक्रांत एक दिवस सरकली की पुढचं-मागचं सगळंच सरकतं, आणि मग "पंचांगवाल्यांनी तारीख बदलली" असं बोललं जातं. तारीख कुणी बदलत नाही. ती सरकते ती लीप वर्षामुळे, आणि कशी सरकते ते कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत कळतं.

नक्षत्रांच्या हिशेबाने सूर्याची एक फेरी 365 दिवस 6 तास 9 मिनिटांची. म्हणजे सूर्य मकरेत शिरण्याची वेळ दरवर्षी 6 तास 9 मिनिटांनी पुढे जाणार. 2024 ला हे संक्रमण 15 जानेवारीच्या पहाटे 2:54 ला झालं. त्यात 6:09 मिळवा, 9:03 येतात. पण मध्ये 29 फेब्रुवारी आली, कॅलेंडरने एक दिवस जादा खाल्ला, म्हणून 2025 चं संक्रमण 15 ऐवजी 14 जानेवारीला सकाळी 9:03 ला. 2026 ला 14 तारखेलाच, दुपारी सव्वातीनच्या सुमारास. 2027 ला पण 14 च, मात्र रात्री सव्वानऊच्या पुढेमागे. 2028 ला 15 ची पहाट, साडेतीनच्या आसपास. 2028 ला पुन्हा 29 फेब्रुवारी, की 2029 ला परत 14 ची सकाळ.

आता दिवस ठरवायचा नियम. संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरायचा. जानेवारीच्या मध्याला सोलापुरात सूर्य सहा-दहाच्या आसपास मावळतो. म्हणून 2025 आणि 2026 ला संक्रांत 14 ची, 2027 आणि 2028 ला 15 ची. दोन-दोनच्या जोड्या पडतात. 2019-20 ला 15, 2021-22 ला 14, 2023-24 ला 15, असंच मागेही लावून बघा, जुळेल.

(वेळा लाहिरी अयनांशाच्या आहेत, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठे धरायची याच्या सर्वाधिक चालणाऱ्या मापाच्या. पंचांगापंचांगात दहा-पंधरा मिनिटांचा फरक दिसेल, त्याने वरच्या कुठल्याच वर्षीचा दिवस बदलत नाही.)

जुळे सोलापूर
हे पटलं. पण एक सांगा की ओ. चार वर्षांनी एक दिवस घालून हिशेब मिटत असेल तर 14-15 ची जोडी कायमची राहायला पाहिजे. मग जुन्या कागदांत 12 आणि 13 जानेवारीची संक्रांत कशी सापडते?

बाळीवेस
कारण लीप वर्षाचा नियम संक्रांतीसाठी केलेलाच नाही. खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षं दोन प्रकारची. एक नाक्षत्र: सूर्य एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येईपर्यंत 365 दिवस 6 तास 9 मिनिटं 10 सेकंद. दुसरं सांपातिक, म्हणजे ऋतूंचं: वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो क्षण) वसंतसंपातापर्यंत 365 दिवस 5 तास 48 मिनिटं 45 सेकंद. पृथ्वीचा आस अत्यंत सावकाश फिरत असतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकतो आणि ऋतूंचं वर्ष वीस मिनिटांनी आखूड पडतं. इंग्रजी कॅलेंडरचा लीपचा नियम या दुसऱ्या वर्षाला धरून बसवलेला आहे. आपली संक्रांत पहिल्या वर्षाने चालते.

दोन्हीच्या वेळा शेजारी ठेवल्या की लख्ख दिसतं. वसंतसंपात 2024 ला 20 मार्चला सकाळी 8:36 ला होता. 2025 ला दुपारी 2:31, 2026 ला रात्री 8:16, 2027 ला 21 मार्चच्या मध्यरात्रीनंतर 1:55, आणि 2028 ला लीपच्या दिवसामुळे परत 20 मार्च, सकाळी 7:47. चार वर्षांचा फेरा पुरा झाल्यावर तो पाऊण तास अलीकडे आला. संक्रांत मात्र त्याच चार वर्षांत अर्ध्या-पाऊण तासाने पलीकडे गेली. चार वर्षांचा झोका दोघांनाही बसतो, पण झोका थांबल्यावर दोघं विरुद्ध दिशांना सरकलेले असतात.

संपाताचं ते अलीकडे येणं शतकी वर्षांचा लीप दिवस गाळून सावरलं जातं. संक्रांतीचं पलीकडे जाणं त्याच गाळण्याने वाढतं! 1900 ला 29 फेब्रुवारी नव्हती, त्यामुळे संक्रांत एका फटक्यात दिवसभर पुढे ढकलली गेली. सरासरी काढली तर सुमारे 72 वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. गणित करून बघा, संक्रमण त्याच तारखेला येतं.

रेल्वे लाईन्स
याच गणिताने पानिपतही तपासावं. 14 जानेवारी 1761 म्हणजे संक्रांतीचा दिवस असं सर्रास लिहिलं जातं. तिथी होती शके 1682 पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पण त्या साली सूर्य 10 जानेवारीच्या आसपास मकरेत गेला होता. आजची 14 तारीख मागे नेऊन चिकटवली की असा घोटाळा होतो.

कन्ना चौक
शतकी वर्षांचं वर ओझरतं आलंय, ते पुरं करतो. शाळेत "चारने भाग जातो ते लीप" एवढंच लक्षात राहतं आणि पुढचे दोन भाग गळतात.

नियम असा: वर्षाला 4 ने भाग गेला तर लीप. 100 ने गेला तर लीप नाही. पण 400 ने गेला तर पुन्हा लीप. म्हणून 1600 आणि 2000 लीप. 1700, 1800, 1900, 2100, 2200, 2300 साधी.

हे आकडे कुठून आले? चारने भाग जाणाऱ्या प्रत्येक वर्षी दिवस वाढवला तर सरासरी वर्ष 365.25 दिवसांचं होतं. ऋतूंचं वर्ष आहे 365.2422. दरवर्षी सव्वाअकरा मिनिटं जास्त, म्हणजे 128 वर्षांत एक अख्खा दिवस जास्त. तो जास्तीचा दिवस काढायचा तर 400 वर्षांत साधारण तीन दिवस काढावे लागतात. 100 लीप वर्षांतून 4 शतकी वगळली, एक परत घेतलं, उरली 97. 97 भागिले 400 म्हणजे 0.2425. सरासरी वर्ष 365.2425 दिवसांचं. उरलेली चूक वर्षाला 27 सेकंदांच्या आत, म्हणजे तीन हजारांवर वर्षांनी एक दिवस. 4000 साल लीप धरू नये अशी सूचना पूर्वी झालेली आहे, पण तो नियम झालेला नाही. कुठे वाचलंत तर नियम म्हणून घेऊ नका.

आणखी एक, हे गणिताच्या शिक्षकांनी वर्गात जरूर करून घ्यावं. 400 वर्षांत 1,46,097 दिवस होतात. त्याला 7 ने नि:शेष भाग जातो, बरोबर 20,871 आठवडे. त्यामुळे वारांसकट कॅलेंडर दर 400 वर्षांनी हुबेहूब परत येतं.

इतिहास थोडक्यात. ज्युलियस सीझरने इ. स. पू. 46 मध्ये कॅलेंडर सुधारलं, सल्ला अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसचा. आधीचा साचलेला गोंधळ निस्तरायला ते एक वर्ष 445 दिवसांचं करावं लागलं. सीझर गेल्यावर तिथल्या पुरोहितांनी दोन्ही टोकं मोजून "दर चौथ्या वर्षी" चा अर्थ दर तीन वर्षांनी असा लावला. ऑगस्टसने मग काही लीप दिवस गाळले आणि इ. स. 8 पासून गाडी रुळावर आली. त्यानंतर दीड हजार वर्षं चारचाच नियम. 325 मध्ये 21 मार्चला धरलेला वसंतसंपात 1582 पर्यंत 11 मार्चला येऊन पोचला. तेव्हा पोप तेराव्या ग्रेगरीने, लिलियस आणि क्लॅव्हियस यांच्या आकडेमोडीवरून, 10 दिवस गाळले: गुरुवार 4 ऑक्टोबर 1582 च्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार 15 ऑक्टोबर. वाराची साखळी तुटू दिली नाही, हे महत्त्वाचं.

रेल्वे लाईन्स
आणि इंग्लंडने हे 1752 पर्यंत मानलं नाही. तिथे बुधवार 2 सप्टेंबरनंतर गुरुवार 14 सप्टेंबर आला. मराठ्यांच्या इतिहासाशी याचा थेट संबंध आहे, म्हणून जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

शिवकालाच्या ज्या इंग्रजी तारखा आपण वापरतो त्या जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. शिवजन्म 19 फेब्रुवारी 1630 नव्या पद्धतीने 1 मार्च होतो. राज्याभिषेक 6 जून 1674, नव्या पद्धतीने 16 जून. दिवस तोच, लेबल वेगळं. तिथी दोन्हीकडे एकच: फाल्गुन वद्य तृतीया आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. पानिपत मात्र 1752 नंतरचं, त्याची तारीख नव्या पद्धतीची. एकाच कोष्टकात 1674 आणि 1761 शेजारी मांडून दिवसांची वजाबाकी केली तर उत्तर चुकतं.

फरक सगळीकडे 10 दिवसांचा नसतो, ही दुसरी अडचण. 1700 हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप होतं, नव्यात नव्हतं. त्यामुळे फेब्रुवारी 1700 पर्यंत 10 दिवस, त्यापुढे 11. पोर्तुगालने 1582 लाच नवी पद्धत घेतली होती, म्हणून एकाच घटनेबद्दल पोर्तुगीज पत्र आणि इंग्रजांच्या वखारीचं पत्र यांत दहा दिवसांचं अंतर दिसतं. बातमी पोचायला उशीर लागला असं समजून लोक त्यावर अनुमानं बांधतात, ती कोसळतात.

तिसरी गोष्ट: इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी 1664 ची, पण इंग्रजी पत्रांवर साल 1663 असू शकतं. जानेवारी ते 24 मार्च यांतलं कुठलंही इंग्रजी पत्र हाती आलं की आधी साल तपासावं, मग तारीख. शक्य असेल तिथे तिथी आणि वार पकडून चालावं. वार कधी खोटं बोलत नाही.

नवी पेठ
प्रश्न व्यवहाराचा. नव्वद दिवसांच्या उधारीवर माल जातो. लीप वर्षात मुदतीची तारीख काढताना आणि ठेवीच्या व्याजात नेमकं काय होतं?

होटगी रोड
उधारीत आधी पाहायचं की 29 फेब्रुवारी मधे येते का. टॉवेलचं बिल 1 डिसेंबर 2023 चं असेल तर 90 वा दिवस 29 फेब्रुवारी 2024. तेच बिल 1 डिसेंबर 2024 चं असेल तर 1 मार्च 2025. "तीन महिने" लिहिलं असेल तर दोन्ही वेळा 1 मार्च. म्हणून बिलावर दिवस लिहा नाहीतर महिने लिहा, दोन्ही लिहू नका.

ठेवीतही हेच. 10 जानेवारी 2024 ला "एक वर्ष" म्हणून ठेवलेली रक्कम 10 जानेवारी 2025 ला पिकते, म्हणजे 366 दिवसांनी. "365 दिवस" अशी ठेव असेल तर 9 जानेवारीला. व्याजाचा भाजक काय धरलाय ते अटींत वाचा. 1,00,000 रुपये, 7 टक्के, सरळ व्याज, 366 दिवस: भाजक 365 असेल तर 7,019 रुपये 18 पैसे, 366 असेल तर बरोबर 7,000. दोन्ही पद्धती चालतात, वाद होतो तो अट न वाचल्याने.

आर्थिक वर्षाचा सापळा वेगळाच आहे. 2024 लीप म्हणून 2024-25 ला 366 दिवस धरणारे बरेच भेटतात. 29 फेब्रुवारी 2024 येते एप्रिल 2023 ते मार्च 2024 मध्ये. म्हणजे 366 दिवसांचं आर्थिक वर्ष 2023-24. पुढचं 2027-28.

पगाराचं फार काही नाही. यंत्रमागावर पीस रेटने काम असेल तर 29 तारखेचं जेवढं विणलं तेवढं मिळतं. महिन्याचा पगार 26 ने भागून रोज काढत असाल तर फेब्रुवारी 28 चा असो की 29 चा, रोज तोच.

अशोक चौक
कॉम्प्युटरवर तारखा टाकणाऱ्यांसाठी भर घालतो. एक्सेलमध्ये चार ठिकाणी माणूस फसतो.

29 फेब्रुवारी 2024 मध्ये एक वर्ष मिळवायचं आहे. डेट फंक्शनमध्ये वर्ष 2025, महिना 2, दिवस 29 दिलं तर 1 मार्च 2025 मिळते. ईडेट (EDATE) वापरून 12 महिने मिळवले तर 28 फेब्रुवारी 2025. एकाच फाईलमध्ये दोघांनी दोन सूत्रं लावली की नूतनीकरणाच्या यादीत एक दिवसाचा फरक पडतो आणि कारण सापडत नाही.

उलट बाजूने: 28 फेब्रुवारी 2023 मध्ये ईडेटने 12 महिने मिळवले तर 28 फेब्रुवारी 2024 येते, 29 नाही. महिनाअखेरच हवी असेल तर इओमंथ (EOMONTH) वापरा.

वय काढताना दिवसांना 365.25 ने भागण्याची सवय सोडा. जन्म 1 मार्च 2004, आज 1 मार्च 2022. मधे 6,574 दिवस झाले. भागिले 365.25 म्हणजे 17.9986. अपूर्णांक उडवला की 17 दिसतात, आणि मुलाला अठरा पूर्ण झालेले असतात. अर्ज बाद होण्याइतकी ही चूक मोठी आहे. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे ताडून बघणं हाच मार्ग.

आणि एक्सेल 1900 ला लीप वर्ष मानतं. 60 हा अनुक्रमांक त्याने 29 फेब्रुवारी 1900 ला दिला आहे, जो दिवस उगवलाच नाही. लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीटच्या फायलींशी जुळावं म्हणून ही चूक मुद्दाम ठेवली गेली. 1 मार्च 1900 च्या आधीचे वार त्यात चुकीचे येतात.

वर्ष लीप आहे का हे सर्वात सोपं कसं कळेल, तर डेट फंक्शनला त्या वर्षीच्या मार्चची 0 तारीख मागायची. ते फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देतं. स्वतः अट लिहिणार असाल तर तिन्ही भाग लिहा. फक्त 4 ने भाग तपासणारा कोड 1901 ते 2099 बरोबर चालतो, त्यामुळे तपासणीत कधीच पकडला जात नाही. जमिनीचे 99 वर्षांचे भाडेपट्टे आज नोंदवले जातात त्यांची मुदत 2100 च्या पलीकडे जाते, तिथे तो उघडा पडतो.

तुळजापूर वेस
29 फेब्रुवारीला जन्मलेल्यांची सेवानिवृत्ती कधी धरतात?

होटगी रोड
सरकारी नोकरीत, ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. 58 असो की 60, फेब्रुवारी अखेर. खरी काळजी 1 तारखेला जन्मलेल्यांनी घ्यायची असते, त्यांना आधीच्या महिनाअखेरीस निवृत्त व्हावं लागतं. म्हणजे 1 मार्चचा जन्म असला तरी फेब्रुवारी अखेरच. मोरारजी देसाईंचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा. 1900 साधं वर्ष असल्याने त्यांच्या तारखेचा पहिला वाढदिवस थेट 1904 ला आला. असं आठ वर्षांचं अंतर आता 2096 ते 2104 मध्ये पडेल. तिथीने वाढदिवस करणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

पंढरपूर रोड
अधिक महिन्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. लीप वर्ष आणि धोंड्याचा महिना एकच समजणारे पुष्कळ आहेत. दोन्हींचं काम एकच, ऋतूंशी फारकत होऊ न देणं, पण यंत्रणा पूर्णपणे वेगळी. लीपमध्ये सूर्याच्या वर्षात एक दिवस घालतात. अधिकमध्ये चंद्राच्या वर्षात पुरा महिना.

चंद्राचे बारा महिने 354 दिवस आणि जवळपास 9 तासांत संपतात. सूर्याच्या वर्षापेक्षा 11 दिवस कमी. ही तूट साडेबत्तीस महिन्यांत एका चांद्रमासाएवढी होते. 19 वर्षांत 7 अधिक महिने, हे प्रमाण फार सुरेख बसतं.

पण आपल्या पंचांगात "इतक्या महिन्यांनी अधिक घाला" असा ठोकळा नियमच नाही, आणि मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. नियम एवढाच: दोन अमावास्यांच्या मधे सूर्याने रास बदलली नाही तर तो महिना अधिक. प्रत्यक्ष आकाशातून ठरतं. 2026 चा अधिक ज्येष्ठ बघा. 15 मे ला सूर्य वृषभेत गेला. 16-17 मे च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास अमावास्या संपली, तिथून महिना सुरू. पुढची अमावास्या 15 जूनला सकाळी साडेआठच्या आत संपते. आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच 15 जूनला, दुपारी एकच्या सुमारास. साडेचार तास! तेवढ्याने तो महिना संक्रांतीविना (इथे संक्रांत म्हणजे सूर्याचं कुठलंही राश्यंतर) राहिला आणि अधिक ठरला. 17 मे ते 15 जून.

याचा पंढरीवर परिणाम: आषाढी एकादशी 2024 ला 17 जुलै, 2025 ला 6 जुलै, म्हणजे 11 दिवस अलीकडे. 2026 ला मधे अधिक ज्येष्ठ आल्याने 25 जुलै, 19 दिवस पलीकडे. शिवाय अधिकात पंढरपूरला गर्दी वेगळीच. एसटीचं, मुक्कामाचं, शेतीच्या कामांचं नियोजन करणाऱ्यांनी हे आधी बघून ठेवावं. पुढचे अधिक: 2029 चैत्र, 2031 भाद्रपद, 2034 आषाढ.

अधिक महिने उन्हाळ्या-पावसाळ्यातच जास्त का येतात, तर पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वात जवळ असते आणि वेगाने पळते. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला सूर्य एक रास साडेएकोणतीस दिवसांत ओलांडतो, चांद्रमासाच्या जरा आतच. ज्येष्ठ-आषाढात त्याला साडेएकतीस दिवस लागतात, म्हणून तिथे एखादा महिना संक्रांतीविना सापडणं सोपं. हिवाळ्यात उलट होऊ शकतं, एका महिन्यात दोन संक्रांती, तो क्षयमास. 1983 ला माघाचा क्षय झाला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अधिक महिने होते.

जुळे सोलापूर
मग 2020 ला लीप पण होतं आणि अधिक आश्विन पण. त्याचा काही संबंध?

पंढरपूर रोड
काही नाही. दोन वेगळी चक्रं एकाच वर्षी भेटली एवढंच. 2024 लीप होतं, अधिक नव्हता. 2023 ला अधिक श्रावण होता, लीप नव्हतं.

कन्ना चौक
राष्ट्रीय दिनदर्शिकेचा उल्लेख व्हायला हवा. सरकारी राजपत्रावर शक दिसतो पण लीपचं काय करतात ते फार कमी जणांना माहीत असतं. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती आखली आणि 22 मार्च 1957, म्हणजे 1 चैत्र 1879 पासून ती लागू झाली. शकात 78 मिळवायचे. येणारं इसवी सन लीप असेल तर ते शक वर्ष लीप. तेव्हा चैत्र 30 ऐवजी 31 दिवसांचा आणि वर्षाचा पहिला दिवस 22 ऐवजी 21 मार्चला. 1946 अधिक 78 म्हणजे 2024, लीप. वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी 31, आश्विन ते फाल्गुन प्रत्येकी 30. दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच वाढवल्यामुळे पुढचे सगळे महिने इंग्रजी तारखांशी कायम जुळलेले राहतात. इतकी नेटकी रचना वापरात मात्र फारशी आली नाही, याचं वाईट वाटतं. हा चैत्र आणि गुढीपाडव्याचा चैत्र वेगळे, हे लक्षात असू द्या. पाडवा चंद्राचा, हा ऋतूंच्या सूर्याचा.

नवी पेठ
बाळीवेसकर, मूळ मुद्द्यावर या. पुढे गड्ड्याच्या तारखा कुठवर सरकणार?

बाळीवेस
वरच्याच आकड्यांनी पुढे जाऊ. दर वर्षी लीप वर्षाच्या नियमापेक्षा 9 मिनिटं 10 सेकंद जास्त, एवढं धरून. ग्रहांच्या ओढीमुळे एखाद्या वर्षी दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून सीमेवरची वर्षं नक्की सांगत नाही.

लीपनंतरचं दुसरं वर्ष, म्हणजे 2026 च्या गटातलं: आज संक्रमण दुपारी सव्वातीनला आहे. सूर्यास्तापर्यंत तीनएक तास शिल्लक. ते 2040 च्या दशकाच्या मध्यावर संपतात. मग चारपैकी तीन वर्षं संक्रांत 15 ला आणि एकच वर्ष 14 ला.

लीपनंतरचं पहिलं वर्ष, 2025 च्या गटातलं: सकाळी नऊला आहे, नऊ तास शिल्लक. ते 2085 च्या आसपास संपतात. त्यानंतर 14 ची संक्रांत संपली. 2100 पर्यंत सलग 15. त्या काळात भोगी आणि अक्षता दरवर्षी 14 लाच.

2100 ला 29 फेब्रुवारी नाही, म्हणून पुढचा धक्का मोठा. 2100 चं संक्रमण 15 जानेवारीला दुपारी अडीचच्या सुमारास येईल. 2101 चं त्याच्या 6 तास 9 मिनिटांनी पुढे, 15 जानेवारीलाच रात्री पावणेनऊच्या आसपास, मधे मागे खेचणारा दिवसच नाही. सूर्यास्त उलटून गेलेला, म्हणजे संक्रांत 16 जानेवारी 2101.

तुळजापूर वेस
टिळक पंचांगात तर संक्रांत आताच 10 जानेवारीच्या सुमारास असते. ते कसं?

बाळीवेस
तिथे राशीचक्राची सुरुवात वेगळ्या ठिकाणी धरली आहे, रेवतीतल्या ताऱ्यावरून. लाहिरीपेक्षा जवळपास चार अंशांचा फरक, आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून चार दिवस आधी. वर्षाची लांबी मात्र तीच, त्यामुळे लीपचा झोका आणि 72 वर्षांची सरक तिथेही तशीच लागू. आपल्या सोलापुरातूनच निघणाऱ्या दाते पंचांगात संक्रमणाची वेळ तास-मिनिटांसह छापलेली असते. ती घ्या, पुढच्या वर्षासाठी 6 तास 9 मिनिटं मिळवा, मधे 29 फेब्रुवारी आली असेल तर एक दिवस वजा करा, आणि उत्तर सहा-दहाच्या आधी आहे की नंतर ते बघा. 2029 साठी करून बघा: 14 जानेवारी, सकाळी साडेनऊच्या पुढेमागे यायला हवं. म्हणजे त्या वर्षी यण्णीमज्जन 12 ला, अक्षता 13 ला, होम 14 ला.